सोडून जाता येईल ना?

होस्टिंग घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न भावाचा असतो, आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं. जाहिरातीत ठळक छापलेला महिन्याचा भाव बहुतेक वेळा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरणाऱ्यासाठी असतो. वर १८ टक्के जीएसटी. मुदत संपली की तोच प्लॅन रिन्यूअलला दुप्पट-तिप्पट होतो. तो आकडाही त्याच पानावर असतो, पण बारीक अक्षरांत. कंपनीला हे खपवता येतं, कारण तोवर तुमची साइट, ईमेल, फोटो, ऑर्डरी सगळं तिच्याकडे अडकलेलं असतं. म्हणून माझं मत सरळ आहे: जिला सोडून जाणं सोपं, ती कंपनी निवडावी. बाकीचे निकष त्यानंतर.

‘अनलिमिटेड’ या शब्दावर तर एक रुपयाही देऊ नका. जागा अमर्याद म्हणतात आणि फाइलींच्या संख्येवर मर्यादा घालतात. वर्डप्रेस एकेका फोटोच्या लहानमोठ्या अनेक प्रती बनवतं. पाककृतींचा किंवा प्रवासाचा ब्लॉग ही मर्यादा बघता बघता गाठतो.

दुसरं आमिष ९९.९ टक्के अपटाइमचं, म्हणजे साइट चालू राहण्याच्या वेळेचं. हिशेब करा: उरलेला ०.१ टक्का म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास. ते कधी यावेत, हे तुमच्या हातात नाही. देवगडच्या आंबेवाल्याची साइट एप्रिलमध्ये, ऐन हापूसच्या दिवसांत, एक अख्खा दिवस बंद राहिली, तर भरपाई म्हणून पुढच्या बिलात थोडी सूट मिळते. बुडालेल्या पेट्यांचे पैसे कोणी देत नाही. करारात तसं लिहिलेलंच असतं, आणि तो आपण वाचत नाही.

आता बॅकअप. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या युरोपातल्या बड्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, लाखो वेबसाइट बंद पडल्या. एका ग्राहकाने बॅकअपसाठी वेगळे पैसे मोजले होते. त्याचा बॅकअपही त्याच इमारतीत ठेवलेला निघाला आणि मूळ माहितीबरोबर जळाला. तो ग्राहक न्यायालयात गेला, २०२३ मध्ये भरपाईचा निकाल लागला. गेलेली माहिती निकालाने परत आली नाही. ज्या कंपनीकडे साइट आहे तिच्याचकडे बॅकअप ठेवणं म्हणजे बॅकअप न ठेवणंच. महिन्यातून एकदा फाइली आणि डेटाबेस दोन्ही उतरवून आपल्या डिस्कवर घ्या. आणि तो परत चढवूनही बघा. मराठी साइटवाल्यांनी तर नक्कीच. जुन्या डेटाबेसचं एन्कोडिंग चुकीचं असेल, तर साइट हलवताना सगळा मजकूर प्रश्नचिन्हांचा होतो. तशीच प्रश्नचिन्हं साठवली गेली, की त्यातून अक्षरं परत काढता येत नाहीत.

ब्लॉग नवा असेल तर साधं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेक साइट) पुरतं. वाचक महाराष्ट्रातले असतील तर सर्व्हर मुंबईत मागा, अमेरिकेतला कशाला? मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रंही आता मुंबई-पुण्यात आहेत. एसएसएलचे, म्हणजे साइटची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राचे, वेगळे पैसे मागणाऱ्याला छोट्या साइटवाल्याने सरळ नाही म्हणावं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. ऑनलाइन दुकान असेल आणि सणासुदीला गर्दी होत असेल, तरच व्हीपीएसचा (स्वतंत्र आभासी सर्व्हरचा) खर्च करा, आणि तोही सांभाळणारा माणूस असेल तर. अपडेट न केलेला व्हीपीएस शेअर्डपेक्षा धोक्याचा.

सगळ्यात जास्त चीड येते ती डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, बाबतीत. साइट बनवून देणारा स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतो. दुकानदाराला वाटतं, नाव आपलं आहे. पुढे दोघांचं बिनसतं, किंवा तो माणूस धंदा बंद करून नोकरीला लागतो. रिन्यूअलची सूचना त्याच्या मेलबॉक्समध्ये पडून राहते आणि दुकानदाराची वर्षानुवर्षांची ओळख लिलावात निघते. कित्येकदा यात लबाडी नसते, नुसता आळस असतो. नुकसान मात्र तेवढंच होतं. होस्टिंग आणि डोमेन एकाच कंपनीकडून फुकट म्हणून घेण्याचा मोहही टाळा. डोमेन वेगळ्या ठिकाणी असलं, तर होस्टिंगवाल्याशी भांडण झालं तरी पत्ता तुमच्याच हातात राहतो.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. डोमेनच्या खात्यात स्वतः लॉगिन करून पाहा. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, ईमेल आणि मोबाइल कोणाचा आहे, मुदत कधी संपते? खात्याचा पासवर्डच तुमच्याकडे नसेल, तर साइट बनवून देणाऱ्याला आजच फोन लावा. डोमेन आपल्या खात्यात हलवायला लागणारा ट्रान्सफर कोड मागून घ्या, आणि तो द्यायला टाळाटाळ झाली तर त्याला पुढचं काम देऊ नका.