परार्थ घाम

दानार्थ सायकलस्वारी म्हणजे एखाद्या सत्कार्यासाठी परिचितांकडून देणग्या गोळा करून त्यांच्या बदल्यात ठरलेले लांबचे अंतर सायकलने कापणे, अशी व्याख्या करता येईल. तिच्यात अंतर, सायकल आणि देणगी हे तिन्ही घटक येतात, मात्र स्वारीच्या आधी दोन-तीन महिने स्वाराचे घर व्यापून राहणारा चौथा घटक, म्हणजे भीती, तिच्यातून निसटतो. या प्रकाराचे एक जुने आणि नावाजलेले उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले असून तेथे १९८० साली बिली स्टार यांनी ३६ स्वारांसह कर्करोगाविरुद्धच्या कार्यासाठी ‘पॅन-मास चॅलेंज’ सुरू केले. गोव्यातील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही, कारण नवस, पदयात्रा आणि पंढरीची वारी त्याच्या अंगवळणी पडलेली असते, फरक इतकाच की नवसात देवाने आधी द्यायचे आणि भक्ताने मागाहून फेडायचे असते, शिवाय फेडायला उशीर झाला तरी देव संध्याकाळी तिठ्यावर गाठून “खंय पावली रे सायकल?” असे विचारत नाही. देणगीदार विचारतो.

देणगीदाराने नेमके काय विकत घेतलेले असते, हा या विषयातला खरा अवघड प्रश्न आहे. अंतर तर नव्हेच, कारण तेच अंतर कदंब महामंडळाच्या बसने कापतो म्हटल्यास कोणी दमडी देणार नाही. तेव्हा मोबदला दिला जातो तो कष्टांचा, असेच मानावे लागते. हे मान्य केले की सरावाची नैतिक बाजू लंगडी पडते, कारण सराव म्हणजे होणारे कष्ट कमी करण्याची पद्धतशीर खटपट, आणि ज्या मालाचे पैसे आगाऊ घेतले तोच माल मापात कमी घालण्याला बाजारात वेगळे नाव आहे. काटेकोर प्रामाणिक स्वाराने म्हणूनच अजिबात सराव करू नये असा निष्कर्ष निघतो, आणि पावसाळ्यात पहाटे पाचचा गजर बंद करताना पुष्कळ स्वार तो आपापल्या परीने काढतात.

लांब अंतराच्या नियमबद्ध स्वारीला ‘ब्रेव्हे’ म्हणतात. फ्रान्समधील ‘ऑडॅक्स क्लब पारिझियां’ ही १९०४ मध्ये स्थापन झालेली संस्था तिचे नियम सांभाळते, आणि ‘ऑडॅक्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ धाडसी असा होतो. या नियमांनुसार २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस आणि ६०० ला चाळीस तास मिळतात, ज्यांत जेवण, पंक्चर आणि पश्चात्ताप हे सर्व उरकायचे असते. दानार्थ स्वारीने हे माप उसने घेतले की गोव्यापुरती एक भौगोलिक अडचण उभी राहते: राज्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १०५ किलोमीटर असल्याने दोनशे किलोमीटर सरळ जायचे म्हटल्यास गोवा निम्म्यातच संपतो, आणि मग एक तर सीमा ओलांडावी लागते किंवा त्याच गावांतून पुन्हा फिरावे लागते, ज्यामुळे स्वार वाट चुकला आहे असे समजून कनवाळू लोक त्याला हाका मारून रस्ता दाखवतात. त्यात केरी नावाची गावे तीन, एक पेडण्यात समुद्राकाठी, एक सत्तरीत चोर्ला घाटाच्या पायथ्याशी आणि एक फोंड्यात. “केरीला भेटू” एवढ्याच निरोपावर सराव ठरवणाऱ्या मंडळींची गाठ त्या दिवशी पडतेच असे नाही, आणि सराव टाळण्याचे इतके निर्दोष कारण दुसऱ्या कोणत्याही राज्याने आपल्या सायकलस्वारांना दिलेले नसावे.

सरावाचा मार्ग बहुधा गोव्याच्या उत्तर सीमेवरील पत्रादेवीपासून आखला जातो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीचे निःशस्त्र सत्याग्रही या सीमेवरून पोर्तुगीज गोळ्यांना सामोरे गेले, त्यांचे स्मारक तेथे आहे, आणि त्याच्यासमोर उभे राहून धारगळच्या चढाची धास्ती बोलून दाखवणे कोणालाही शोभत नसल्याने स्वार तेथून मुकाट्याने निघतो. पुढे मोपाचा सडा येतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट माथ्याचे पठार. ते सपाट असते हे खरे, पण माथ्यावर पोहोचल्यानंतर. २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटन झालेला विमानतळ येथेच असून, येथे विमान वरून आणि सायकल खालून येते हा तपशील नकाशा पाहताना ध्यानात राहत नाही. कोलवाळचा पूल ओलांडून अस्नोड्यावरून मुळगावमार्गे डिचोलीकडे वळले की खाणपट्ट्याची तांबडी धूळ लागते, खनिजाचे ट्रक लागतात, आणि दमट हवेत घाम वाळत नसल्यामुळे, म्हणजेच शरीर थंड करण्याचे त्याचे मूळ काम होत नसल्यामुळे, स्वार मये तलावाशी पोहोचेपर्यंत भिजवलेल्या भांडी घासायच्या काथ्यासारखा, तांबूस आणि निरुपयोगी, दिसू लागतो. तलावाकाठी बाके आहेत. सरावाच्या नोंदवह्यांत मयेपुढचे आकडे विरळ का होतात, याचा उलगडा तेथे बसल्यावर होतो.

भीतीवरचा सर्वमान्य उतारा म्हणजे खरेदी. बुडाशी गादी शिवलेली चड्डी घेतली जाते, जी सायकलवर जितकी सुखाची तितकीच चहाच्या दुकानात अवघड ठरते. बूट अडकवून धरणारे पेडल बसवले जाते, ज्याला ‘क्लिपलेस’, म्हणजे अडकणविरहित, म्हणतात आणि ज्यातून पाय वेळेवर न सुटल्यामुळे स्वार डिचोलीच्या बाजारात, पूर्ण थांबल्यानंतर, सावकाश आडवा होतो. नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ २२० मधून वय वजा करून कमाल मर्यादा दाखवते, आणि मर्यादा जवळ आल्याचे कळताच घाबरून ठोके आणखी वाढतात. स्नायूंत साठलेली साखर संपून पाय अकस्मात बंद पडण्याच्या अवस्थेला स्वार ‘बाँक’ म्हणतात; ती टाळण्यासाठी दर तासाला ठरावीक ग्रॅम पिष्टमय पदार्थ खावेत असे शास्त्र सांगते.

नेमक्या याच टप्प्यावर मागून रबरी भोंग्याचा ‘पों पों’ ऐकू येतो. पोदेर, म्हणजे घरोघर पाव पोहोचवणारा, मागे भली मोठी टोपली बांधलेल्या बिनगिअरच्या सायकलवरून, पायांत साध्या चपला घालून, रोज पहाटे आणि पुन्हा दुपारी हेच चढ चढतो, आणि त्याच्या दर किलोमीटरमागे आजवर कोणी देणगी जाहीर केल्याचे आढळत नाही. तो स्वाराला मागे टाकतो, वळणावर कोणाच्या तरी दाराशी थांबतो, आणि धापा टाकत आलेला स्वार शास्त्राज्ञेनुसार कोंड्याच्या पिठाची गरम, पोकळ पोई मागतो. स्वाराजवळ दोन दिवे, तीन ट्यूब आणि नाडीचे घड्याळ असते; सुटे पैसे वजन वाढवतात म्हणून घरी ठेवलेले असतात, आणि मोबाइलला तेथे रेंज नसते. पोदेर दोन पोया हातावर ठेवतो, “फाल्यां दी” म्हणतो आणि भोंगा वाजवत चढ चढू लागतो.