मध्यरात्रीचं ऊन आणि डासांची पंगत

अलास्कातल्या फेअरबँक्सहून उत्तरेला डाल्टन हायवेने जायचं म्हटलं, की गाड्या भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्या हात जोडतात. ४१४ मैलांचा हा रस्ता १९७४ साली बांधला तो तेलाच्या पाइपलाइनसाठी. आजही इथे राज्य ट्रकांचंच. समोरून धुळीचा लोट उडवत धूड आलं, की छोट्या गाडीने मुकाट्याने कडेला व्हायचं आणि काचेवर येणारे खडे प्रसाद म्हणून स्वीकारायचे. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. मग पावसात असा चिखल होतो, की गाडीचा मूळ रंग कागदपत्रांत बघावा लागतो.

११५व्या मैलाला आर्क्टिक वृत्ताची पाटी लागते. तिच्यासमोर फोटो काढून झाले, की आणखी ६० मैलांवर कोल्डफूट. इथला ट्रकथांबा उभारला डिक मॅकी यांनी. इडिटारॉड ही कुत्र्यांच्या घसरगाड्यांची हजार मैलांची शर्यत ते १९७८ साली जिंकले, तेही दोन आठवडे बर्फातून धावून अवघ्या एका सेकंदाने! पुढे याच गृहस्थांनी इथे एका जुन्या स्कूल बसमधून ट्रकवाल्यांना हॅम्बर्गर विकायला सुरुवात केली.

तिथून पाच मैल पुढे, ओढ्याकाठी, मॅरियन क्रीक कॅम्पग्राउंड. सरकारी जागा आहे. लाकडी टेबलं, शेकोटीसाठी लोखंडी कडं, फ्लश नसलेले संडास. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे तंबूत शिरल्यावर करायला उरतं एकच काम, झोपणं. नेमकं तेच जमत नाही. जूनच्या मध्यात इथे सूर्य मावळतच नाही. रात्री बारालाही आकाश लख्ख. जाणते लोक डोळ्यांवर पट्टी बांधून आडवे होतात. नवखे ‘अंधार पडला की जेवू’ म्हणत ताटकळत बसतात.

आणि जेवायचं तरी कसं? जून-जुलैत डासांचे थवेच्या थवे घोंगावत असतात. टोपीवरून गळ्यापर्यंत जाळी ओढलेली माणसं टेबलाभोवती बसली, की मधमाश्या पाळणाऱ्यांची सभा भरल्यासारखी वाटते. घास घ्यायचा तर एका हाताने जाळी हनुवटीपाशी उचलायची, दुसऱ्याने चमचा झटकन आत सरकवायचा आणि लगेच दार बंद! तेवढ्यातही एखादा डास घासाबरोबर आत जातोच. शाकाहाराचं व्रत इथे फार ताणू नये.

उरलंसुरलं अन्न तंबूत ठेवायची मात्र सोय नाही, कारण मुलूख अस्वलांचा. पोळी-भाजीच नव्हे, टूथपेस्ट, साबण, क्रीम, वास येईल ते सगळं अस्वलाला उघडता न येणाऱ्या लोखंडी पेटीत टाकायचं. त्या पेटीची कडी बोटं आत घालून उघडावी लागते. अस्वलाचा पंजा तिथे शिरत नाही. झोपेत चालणाऱ्या माणसाचंही तिथे फारसं चालत नसावं. मराठी घरातून हिंग-लसणाची चटणी घेऊन आलेल्यांनी तर डब्यावर डबा घालावा.

सकाळी, म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने सकाळी, उत्तरेकडे निघायची घाई सुरू होते. तंबू गुंडाळला, पेटी रिकामी झाली, जाळ्या सावरत मंडळी गाडीत बसली, की कुणीतरी पेट्रोलच्या काट्याकडे बघतं. पुढचा पंप डेडहॉर्सला, कोल्डफूटपासून सुमारे २४० मैलांवर. वाटेत गॅरेजही नाही. मग उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघालेली गाडी निमूटपणे दक्षिणेला वळते, पाच मैल मागे, टाकी भरायला.