गेटवे झालं, आता खडवली दाखवा

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत एखादी राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय परिषद ठरली की तिच्या माहितीपत्रकाच्या शेवटी एक ओळ हमखास सापडते : ‘स्थळदर्शन (ऐच्छिक)’. उद्घाटन, बीजभाषण, निबंधवाचन, समारोप, प्रमाणपत्रं हे सगळं उरकलं की ही ओळ अंमलात येते. सकाळी बस उभी राहते आणि पाहुणे बसले की ती थेट मुंबईकडे निघते. दोन-अडीच तास रहदारीत जातात. मग गेटवे, समोरच्या ताजचा फोटो, मरीन ड्राइव्ह खिडकीतून, एका दुकानापाशी थांबा आणि परत तीच रहदारी. गुवाहाटीहून, धारवाडहून किंवा जर्मनीहून आलेला अभ्यासक तीन दिवस कल्याणात राहतो आणि कल्याणातलं काहीही न पाहता घरी जातो.

मला याचा राग येतो. मुंबईबद्दल माझी काही तक्रार नाही. गेटवे पाहण्यासारखाच आहे आणि घारापुरीची त्रिमूर्ती तर पाहिलीच पाहिजे. पण ती पाहायला कल्याणच्या संयोजकांची गरज नाही, पाहुणा आपला आपण जाऊ शकतो. संयोजकांनी दाखवायचं ते त्यांच्या अंगणातलं. ते दाखवत नाहीत, कारण आपल्याकडे दाखवण्यासारखं काही आहे यावर त्यांचाच विश्वास नाही. इतिहास, भूगोल, पर्यावरण शिकवणाऱ्या माणसांचा आपल्या पायाखालच्या जमिनीवर विश्वास नसणं ही साधी गोष्ट नव्हे.

म्हणून या आठवड्यात एकच मागणी : पुढच्या परिषदेच्या पाहुण्यांना खडवलीला न्या.

खडवली म्हटलं की लोकांना रविवारची गर्दी आठवते. कसारा मार्गावर टिटवाळ्यानंतरचं हे स्टेशन. उतरायचं, नदीवर जायचं, डुंबायचं, खायचं, बाटल्या तिथेच टाकून परतायचं. आणि दर पावसाळ्यात बुडून मेलेल्या पोरांच्या बातम्या. खडवलीची छापील ओळख एवढीच उरली आहे. पण या स्टेशनापासून चालत गाठता येणाऱ्या नदीत जे पाणी वाहतं, ते कोणाचं आहे हे त्या गर्दीतल्या किती जणांना माहीत असतं?

ही भातसा नदी. वर शहापूर तालुक्यात तिच्यावर धरण आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, आणि त्यातलं ७,१७,०३७ दशलक्ष लिटर एकट्या भातसात. म्हणजे जवळजवळ निम्मं. हे पाणी धरणातून नदीच्या पात्रातच सोडलं जातं, वाशिंद-खडवलीवरून वाहत खाली पिसे बंधाऱ्यापाशी येतं, तिथून उपसून पांजरापूरच्या जलशुद्धीकरण केंद्रात जातं आणि मग मुंबईच्या नळाला येतं. मे महिन्यात आसपासचे ओढे आटलेले असताना भातसा वाहती असते ती यामुळे. खडवलीच्या काठावर उभा राहिलेला पाहुणा मुंबईची तहान डोळ्यांनी पाहत असतो. काल रात्री दादरच्या किंवा कुलाब्याच्या हॉटेलात त्याने अंघोळ केली असेल, तर त्या पाण्यातलं बरंचसं इथून गेलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

आता त्याच पाहुण्याला सांगा की ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत, त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावं लागतं. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतो आहे. सव्वाशे वर्षं उलटून गेली, तरी धरणाच्या तालुक्यातल्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला नाही. शहरीकरणावर, पाणीवाटपावर, आदिवासी विकासावर निबंध वाचायला शेकडो किलोमीटरवरून आलेल्या माणसाला हे सभागृहात पडद्यावर कशाला दाखवायचं? तासाभराच्या अंतरावर सगळं प्रत्यक्ष आहे. पाटबंधारे खात्यातला एखादा निवृत्त अभियंता आणि शहापूरच्या एखाद्या पाड्यावरची, पाणी भरणारी बाई अशा दोघांना नदीकाठी बोलतं करा. त्या तासाभराची बरोबरी करणारं बीजभाषण मी तरी अजून ऐकलेलं नाही.

आणि वाट! खडवलीला बसने नेऊ नका, कल्याणहून कसारा लोकलने न्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली हे सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. दुसऱ्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, १८५५ च्या ऑक्टोबरात वाशिंदपर्यंत गाडी जाऊ लागली, आणि १८६५ मध्ये थळ (कसारा) घाट चढून ती इगतपुरीला गेली. हे रूळ तेव्हापासून खडवलीवरून जातात. उत्तर हिंदुस्थानाकडे जाणारी मुंबईची वाट या भाताच्या खाचरांतून काढली गेली. डब्याच्या दारातून भाजीच्या पाट्या, दुधाच्या किटल्या आणि पहाटे चारला उठून मुंबई गाठणारी माणसं पाहिली की पाहुण्याला या प्रदेशाचं अर्थशास्त्र वेगळं समजवावं लागत नाही. एवढंच करा, सकाळची मुंबईकडे जाणारी गर्दी टाळून उलट्या दिशेने जा. गाडीत बसायला जागा मिळते.

भूशास्त्राची परिषद असेल तर खडवलीला उतरूच नका, तसेच पुढे जा. आसनगावला माहुली किल्ल्याचे सुळके दिसतात. त्याच माहुलीवर १६३६ मध्ये शहाजीराजांना निजामशाही सोडून द्यावी लागली. पुढे कसाऱ्याचा घाट येतो. दख्खनच्या लाव्हाचे थर एकावर एक कसे साचले हे तिथल्या कड्यांत उघडं दिसतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा उद्रेक आणि डायनासोरांचा शेवट यांचं नातं काय, यावर जगभर अजून वाद चालू आहे. त्या वादातल्या शोधनिबंधांत थरांना दिलेली नावं वाचा : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर. अमेरिकेतला विद्यार्थी ही नावं पाठ करतो. आपण मात्र त्याला इथवर बोलावून मॉलमध्ये सोडतो.

भूशास्त्रज्ञांकडून खरं तर शिकायला हवं. त्यांच्या आंतरराष्ट्रीय काँग्रेसमध्ये क्षेत्रसहल हा विरंगुळा मानलाच जात नाही. ती अधिवेशनाचाच भाग असते, तिच्यासाठी मार्गदर्शिका लिहिल्या जातात आणि त्या पुढे संदर्भ म्हणून वापरल्या जातात. १९६४ मध्ये ही काँग्रेस दिल्लीला भरली, आशियात पहिल्यांदाच. बाकीच्या विषयांनी हा कित्ता का गिरवू नये? जर्मनीतल्या ओबरवोल्फाखच्या गणित संस्थेत आठवडाभराचं चर्चासत्र असलं की बुधवारी दुपारी व्याख्यानं बंद असतात आणि सगळे रानातून चालायला निघतात. जगातले नामांकित गणिती चालता चालता बोलतात आणि तेही काम समजलं जातं.

आपल्याकडेही हा वारसा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणितीच. ते पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला संशोधन संस्थेत जायचे, आणि पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, जुन्या व्यापारी वाटा पायाखाली घालून, वेशीवरची दैवतं पाहून त्यांनी इतिहास लिहिला. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत चालल्या. जर्मन अभ्यासक ग्युंथर सोन्थायमर धनगरांमागे हिंडले. अमेरिकन अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी महाराष्ट्रातल्या नद्यांच्या धार्मिक अर्थांवर १९९५ मध्ये अख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशातून आलेली माणसं आमच्या नदीकाठी बसून ग्रंथ लिहितात, आणि आमचे संयोजक पाहुण्यांना नदीवरच्या पुलावरून बस भरधाव नेतात.

खडवली एका सकाळीत होते. दुपार उरते. तिच्यासाठी अंबरनाथ आहे. शके ९८२, म्हणजे १०६० सालचा लेख असलेलं शिलाहारांचं शिवमंदिर. महाराष्ट्रातल्या भूमिज शैलीच्या सगळ्यात जुन्या देवळांपैकी हे एक. १८६८ मध्ये जे. जे. कला शाळेच्या टेरी यांच्या पथकाने त्याची चित्रं आणि कोरीवकामाचे साचे घेतले होते, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी ते अभ्यासाचा विषय होतं. आज कल्याणहून लोकलने पंधरा-वीस मिनिटांत पोचता येतं, तरी परिषदेच्या कार्यक्रमात त्याचं नाव नसतं. देवळाच्या पायथ्याशी वालधुनी वाहते. तिचं पाणी कसं आहे हे लपवू नका. पर्यावरणाच्या परिषदेला आलेल्या रसायनशास्त्रज्ञाने देऊळ पाहावं, मग वळून वालधुनीही पाहावी. हजार वर्षांपूर्वी ज्या काठावर हे घडवलं त्या काठाचं आपण काय केलं, हे त्याला कळायला हवं.

कल्याणजवळ लोनाडला बौद्ध लेणं आहे आणि शिलाहारकालीन देऊळही. जवळच्या चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख मिळाला. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. ज्या संयोजकांना मुंबईलाच जायचं असेल त्यांनी निदान कान्हेरी गाठावी आणि पाहुण्यांना त्या दगडावर कल्याणचं नाव दाखवावं. एका ग्रीक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात लिहिलेल्या सागरी प्रवासाच्या टिपणांतही कल्याण बंदर आहे. त्या बंदराची खाडी म्हणजे आजची दुर्गाडी किल्ल्याखालची. ठाण्यातल्या संयोजकांची तर याहून सोय आहे. २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली ठाणे खाडी त्यांच्या दारात, आणि थंडीतल्या परिषदेच्या वेळी फ्लेमिंगोही असतात.

यावर संयोजकांची उत्तरं मला ठाऊक आहेत. ‘वेळ नसतो.’ तीन दिवसांत चाळीस-पन्नास निबंध, प्रत्येकाला सात मिनिटं, समोर रिकाम्या खुर्च्या. त्यातले दहा निबंध कमी घ्या, वेळ निघेल. पण निबंध कमी होत नाहीत, कारण प्रत्येक निबंधामागे पदोन्नतीचे गुण आहेत. सहलीला गुण नाहीत. ते द्यायला कोणी मनाई केलेली नाही : क्षेत्रभेटीवर दोन पानांची टिपणं मागवा, ती परिषदेच्या ग्रंथात छापा, सहल आपोआप अभ्यास होईल.

‘गाइड कुठून आणायचे?’ ट्रॅव्हल कंपनीचा गाइड खडवलीचं काही सांगू शकणार नाही, हे खरं. पण ज्या महाविद्यालयात परिषद आहे तिथे याच पट्ट्यातून रोज लोकलने येणारी मुलं शिकतात. आसनगावची, वाशिंदची, खर्डीची. आपल्या गावाच्या नदीबद्दल, धरणाबद्दल, भाताच्या वाणांबद्दल त्यांना बोलायला सांगा. महिनाभर आधी त्यांना इतिहासाच्या आणि भूगोलाच्या शिक्षकांसोबत तयारीला बसवा. आणि त्यांना मानधन द्या. रोख, ठरवून, प्रमाणपत्राव्यतिरिक्त. बीजवक्त्याला विमानाचं तिकीट देता, तर अख्खा दिवस पाहुण्यांना सांभाळणाऱ्या मुलीला फुकटात राबवणं अन्याय आहे. जेवणही गावातल्या बचत गटाकडून घ्या. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटाची चटणी. बसमध्ये वाटल्या जाणाऱ्या थंड सँडविचपेक्षा पाहुणा हे जास्त लक्षात ठेवेल, आणि पैसा गावात राहील.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र मी किरकोळ मानत नाही. भातसा भोळी दिसते, पण तशी नाही. काळा दगड, मधले डोह, आणि धरणातून पाणी सोडलं की वाढणारी पातळी. दरवर्षी माणसं जातात. म्हणून पावसाळ्यात पाहुण्यांना तिथे नेऊ नये. परिषदा बहुतेक डिसेंबर ते फेब्रुवारीत असतात, तोच काळ योग्य. पाण्यात कोणी उतरायचं नाही, हे निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगावं. डोह कुठे आहेत हे गावकऱ्यांना विचारावं, त्यांना ते माहीत असतं. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय आधी पाहून ठेवावी, ती नसेल तर ग्रामपंचायतीशी बोलून करावी. परिषदेच्या निमित्ताने गावात एक धड स्वच्छतागृह उभं राहिलं तर त्याचं श्रेय संयोजकांनी खुशाल घ्यावं.

शिवाय अशा भेटी वाढल्या तर खडवलीलाच फायदा आहे. आज ते गाव फक्त डुंबणाऱ्यांच्या आणि पिणाऱ्यांच्या वाट्याला आलं आहे. काठावरच्या कचऱ्याकडे बघायला कोणाला सवड नाही. ज्या जागेला अभ्यासक येतात, जिच्यावर लिहिलं जातं, तिच्याकडे ग्रामपंचायत, रेल्वे आणि पाटबंधारे खातं यांना वेगळ्या नजरेने बघावं लागतं. बाहेरच्या माणसाने आपल्या नदीबद्दल चार प्रश्न विचारले की गावातली पोरंही तिच्याकडे नव्याने पाहू लागतात.

तेव्हा प्राचार्य, विभागप्रमुख आणि परिषदांच्या कार्यवाहांना माझी विनंती : या हिवाळ्याच्या माहितीपत्रकाचा मजकूर अजून छापायला गेला नसेल, तर ‘स्थळदर्शन (ऐच्छिक)’ ही ओळ खोडा. तिच्या जागी दुसऱ्या दिवसाच्या सकाळच्या सत्रात लिहा : ‘क्षेत्रभेट : भातसा नदी, खडवली. कल्याणहून कसारा लोकल.’ कंसातला ‘ऐच्छिक’ काढून टाका. मार्गदर्शक विद्यार्थ्यांची नावं बीजवक्त्याच्या नावाखाली, त्याच अक्षरांत छापा.