सांताची उशी

वईपलीकडून वहिनींची हाक आली की हातातलं काम गेलंच म्हणून समजावं. परवा त्या मुडलीच्या कंदांची माती झाडत बसल्या होत्या. तिथूनच सुरुवात.

“बाई, ऐकलंत का? आमच्या भाच्याला यंदा सांता केलंय.”

“कुणी?”

“होमस्टेवाल्यानं. लाल झगा, कापसाची दाढी, सगळं भाड्यानं आणलंय. वर पोटाला उशी बांध म्हणे! पोरगं म्हणजे नुसती काडी. उशी सारखी खाली सरकते आणि ते एका हातानं पोट धरून दुसऱ्या हातानं चॉकलेटं वाटतंय.”

“पण आपल्या जोयड्याच्या रानात सांता हवा कुणाला?”

“शहरातल्या पाहुण्यांना. आधी फोनवर एकच विचारायचे, वाघ दिसेल का? आता विचारतात, ख्रिसमसला काय ठेवलंय?”

होमस्टेवाल्याचंही बरोबरच म्हणा. इथल्या काळी व्याघ्र प्रकल्पात वाघाची हमी कुणाला देता येत नाही. सांताची देता येते.

“बाई, तुम्ही शिकवत होतात म्हणून विचारते. हा म्हातारा येशूच्या गोष्टीत आहे का हो?”

“नाही. संत निकोलस म्हणून एक बिशप होता, आजच्या तुर्कस्तानात. त्याचा जाडजूड, हसरा म्हातारा झाला तो अमेरिकेत. टॉमस नॅस्ट नावाचा व्यंगचित्रकार १८६३ पासून ‘हार्पर्स वीकली’त त्याला काढत होता. मग १९३१ साली कोका-कोलानं हॅडन सुंडब्लोम या चित्रकाराला गाठलं. थंडीत थंड पेय पितो कोण? म्हणून गालावर लाली असलेला आजोबा बाटली घेऊन जाहिरातीत उभा केला.”

“म्हणजे लाल रंग त्या कंपनीचाच!”

“सगळे तसंच सांगतात, पण लाल झगा आधीपासून होता. कंपनीनं केलं ते एवढंच, की सुंडब्लोमकडून १९६४ पर्यंत नवनवी चित्रं काढून घेऊन तोच आजोबा छापत राहिली. मग लोकांच्या डोळ्यांपुढे दुसरा येईना.”

“तर मग आमच्या पोराच्या पोटाला उशी त्या सुंडब्लोमनं बांधली म्हणायची,” वहिनी म्हणाल्या आणि मुडली आपटली.

त्या हसत होत्या तेवढ्यात, प्रथा अशाच पडतात म्हणून, मी त्यांना एका सिनेमाची गोष्ट सांगितली. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’, १९४६ चा. तेव्हा खर्चही भरून निघाला नाही. पुढे १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. फुकटात दाखवता येतंय म्हटल्यावर अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांनी डिसेंबर आला की तोच लावायचा सपाटा लावला. आज तिथल्या कितीतरी घरांत तो बघितल्याशिवाय नाताळ झाल्यासारखं वाटत नाही. कुणाच्या तरी कागदपत्रातली चूक, आणि तिची झाली परंपरा! स्वीडनमध्ये तर १९५९ पासून २४ डिसेंबरला दुपारी टीव्हीवर डोनाल्ड डक लागतो आणि अख्खं घर समोर बसतं.

“हसू नका हं त्यांना,” वहिनींनी मलाच दटावलं. “१९७५ साली ‘जय संतोषी माँ’ आला तेव्हा आपल्याकडे काय झालं? थेटरात लोक चपला बाहेर काढून बसायचे, पडद्यावर पैसे उधळायचे. आमच्या सासूबाई सिनेमा बघून आल्या आणि शुक्रवारी आंबट बंद. बाई, ज्या घरात आमसुलाशिवाय पान वाढत नव्हते, तिथं गूळ-चणे! सासरे शुक्रवारी मुद्दाम शेजारी जेवायला जायचे. त्या सिनेमाआधी आमच्यात कुणी हे व्रत ऐकलंसुद्धा नव्हतं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आमची गाडी नाताळात सिनेमे आणणाऱ्या आमिर खानवर गेली. ‘गजनी’ २५ डिसेंबर २००८, ‘थ्री इडियट्स’ बरोबर पुढच्या वर्षी त्याच तारखेला, ‘दंगल’ २३ डिसेंबर २०१६. मराठीवालेही शहाणे झाले, रितेश देशमुखचा ‘वेड’ ३० डिसेंबर २०२२ ला आला. येशूच्या जन्माशी यातल्या कुठल्या कथेचा संबंध? काही नाही. शहरातल्या शाळांना सुट्टी, परदेशातली मुलं घरी, खिशात पैसा. तारीख देवाची, गल्ला निर्मात्याचा.

“माझी बहीण गोव्यात दिली,” वहिनी म्हणाल्या. “तिच्या शेजारची ख्रिस्ती बाई नाताळात नेवऱ्या, दोदोल, कुलकुल ताटात भरून वर विणलेला रुमाल घालून पाठवते. गणपतीत बहिणीचं ताट तिकडे जातं. मुलं कागदाच्या चांदण्या करतात, गोठा मांडतात. त्यात सांता कुठे असतो?”

“असतो आता, दुकानात. पण एक गंमत बघा वहिनी. जाहिरातवाल्यांचा नाताळ नोव्हेंबरातच सुरू होतो आणि एकतीस तारखेच्या डीजेबरोबर आटपतो. चर्चचा नाताळ सुरूच होतो पंचवीसला आणि बाळ येशूला भेटायला गेलेल्या तीन राजांच्या फेस्तापर्यंत चालतो, सहा जानेवारीपर्यंत.”

“तोवर पाहुणे घरी गेलेले असतात. होमस्टेवाला झगासुद्धा परत करून मोकळा.”

माझं स्पष्ट मत आहे: सांता पोराबाळांना हसवतो तर हसवू दे, भाच्यालाही चार पैसे मिळतात. पण नाताळ बघायलाच आला असाल तर थोडे दिवस जास्त राहा आणि अनमोड घाट उतरून ६ जानेवारीला कासावलीला जा. कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतले तीन मुलगे राजे होऊन टेकडीवरच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, येतात. गाडी खालीच लावा, वर चालत जायचं.