सूर्य गच्चीवर, चावी डीपीत

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण छाती फुगवून म्हणतो. दोघांतलं साम्य शोधण्यात पिढ्या गेल्या, आत्ता कुठे ते सापडलं. जर्मनीत लोक बाल्कनीच्या कठड्यालाही सोलर पॅनेल टांगतात. आपल्याकडेही जिंतूर रोडपासून वसमत रोडपर्यंत गच्च्यांवर निळ्या पाट्या चढू लागल्यात. फरक एवढाच की त्यांना ऊन पुरत नाही आणि आपल्याला सोसत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान. एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे तिन्हींचे मिळून महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. बिल शून्य! (स्थिर आकार सोडून. तो सूर्यालाही चुकत नाही.) हा हिशेब कळताच परभणीकराने पहिलं काम काय केलं? कूलर भंगारात घातला आणि दोन एसी आणले. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात झक्कास चालणारा कूलर दोनशे वॅट खातो, दीड टनी एसी दीड हजार. बिल घालवायला सोलर लावायचं आणि सोलर लावलं म्हणून बिल परत आणायचं! एकाच्या डोक्यात तर गच्चीवर स्विमिंग पूलही घोळतोय. नळाला पाणी कधी येणार यावर जिथे पारावर चर्चा झडतात, तिथे पूल! पोहायची हौस असेल तर शेतातल्या सौर पंपाखालचा हौद बरा. पुढे तेच पाणी कापसालाही जातं.

पण खरी गंमत मे महिन्यात. दुपारचे दोन, पारा त्रेचाळीसवर, आणि लाइट जाते. गच्चीवर तीन किलोवॅट तळपतंय, खाली आबा उपरण्याने वारा घेताहेत. सूनबाई सोलरवाल्याला फोन लावतात.

‘भाऊ, ऊन तर मरणाचं पडलंय की! मग एसी का बंद?’

‘ताई, तुमचं ऑन-ग्रिड आहे. लाइन गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो.’

कारण रास्तच आहे. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसू नये, म्हणून ही सोय. पण अनुदानाचा आकडा तोंडपाठ असणाऱ्यांना हे वाक्य सही घेताना आठवत नाही. पॅनेलची क्षमता पंचवीस अंशांवर मोजतात, काच त्याहून तापली की दर अंशाला वीज थोडी थोडी घटते, हेही नाही. परभणीचं ऊन पॅनेललाही बाधतं म्हणायचं.

‘मग सोलर बसवलं कशाला?’

‘बिलासाठी, ताई. लाइट गेल्यावर चालायला बॅटरीवालं हायब्रिड लागतं. त्याचा खर्च वेगळा.’ पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं वाजली. ‘जमत नसेल तर आपल्याकडे जनरेटरपण आहे.’