नोट चालते, पण घेतं कोण?

"अगं, काल नाक्यावरच्या त्या नव्या कॅफेत काय झालं सांगू? आमचे हे पाचशेची नोट काढून उभे, आणि तो पोरगा म्हणतो, 'काका, कॅश नाही घेत, ओन्ली यूपीआय.' ह्यांचा पारा जो चढला! नोट त्याच्या नाकापुढे धरून म्हणे, 'हा काय पत्त्यांतला जोकर आहे? खाली गव्हर्नरची सही आहे!'"

"मग दिली का कॉफी, काकू?"

"कसली देतोय! शेवटी मागच्या पोरीने तिच्या मोबाइलवरून पैसे भरले आणि ह्यांनी नोट तिला दिली. म्हणजे नोट चाललीच की! फक्त गल्ल्यात नाही चालली."

"पण कायद्याने घ्यावीच लागते ना?"

"तिथेच तर गोम आहे. माझा वकील भाचा सांगत होता, रिझर्व्ह बँकेच्या 1934 च्या कायद्यात कलम 26 आहे. नोट देशात कुठेही कायदेशीर चलन. पण न घेणाऱ्या दुकानदाराला दंड काय, ते त्यात नाही. शिवाय कॅफेवाल्याने आधीच पाटी लावलेली. सौदा ठरायच्या आधीच अट सांगितली, म्हणतो. खाऊन झाल्यावर देणं लागतो, तेव्हा गोष्ट वेगळी."

"म्हणजे आधी खायचं, मग नोट काढायची!"

"उडप्याकडे जमेल. इथे मेले पैसे आधी घेतात."

"मला विचाराल तर यूपीआय बरं बाई. सुट्ट्यांऐवजी गोळ्या तरी हातावर ठेवत नाहीत. आणि ते दहाचं नाणं! आमची भाजीवाली बघूनच मान हलवते."

"आणि ते तर अगदी खरं नाणं! रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच सांगितलंय, चौदाही नमुने चालतात म्हणून. नाण्यांना मर्यादा आहे, पण ती हजार रुपयांची. नातवाचा गल्ला फोडून टीव्ही आणायला गेलीस, तर दुकानदार खुशाल नाही म्हणेल."

"बरं, कॅफेवाला आपल्या घरचा राजा. पण टोलनाक्याचं काय? फास्टॅग नसला आणि रोख दिली, की दुप्पट!"

"विजेचं बिलसुद्धा बघ. 2023 पासून महावितरण घरगुती बिलाला महिन्याला पाच हजारांवर रोख घेत नाही. आपलं बिल तेवढं येत नाही म्हणून कळत नाही इतकंच. दोन लाखांच्या रोखीवर आयकरवाल्यांनी बंदी घातली, ते समजू शकते, काळ्या पैशाची भानगड असते. पण आमच्या मावशींकडे बटणांचा फोन. पगाराच्या नोटा रुमालाला गाठ मारून नेतात. त्यांनी दवाखान्यात, सरकारी खिडकीवर काय दाखवायचं? मागच्या पोरीला शोधायचं? दुकानदाराला काय हवं ते करू दे. दवाखाना, वीज, पाणी, तिथे नोट नाकारायची सोयच असू नये."

"खरंय हो."

"नुसतं खरंय म्हणू नकोस. रविवारच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्स फक्त ऑनलाइन घ्यायचा ठराव येतोय. तू हात वर करू नकोस, आणि तुझ्या ह्यांनाही आत्ताच सांगून ठेव."