बैलाला दाखला, पैलवानाला टाळ्या

भोसरीपासून राजगुरुनगरपर्यंतच्या पट्ट्यात हाडांचे डॉक्टर किती, हे दवाखान्यांच्या पाट्या मोजून कळत नाही. त्यासाठी जत्रेतल्या कुस्तीच्या फडाला जावं लागतं. हलगी कडाडत असते, लाल मातीत एक जोड भिडलेली असते आणि ढाक मारता मारता त्यातल्या एकाचा खांदा जागचा हलतो. त्याच क्षणी फडाभोवतीच्या प्रत्येकाला अस्थिरोगतज्ज्ञाची पदवी बहाल होते. ‘काय नाय झालं, चमक भरलीय!’ हे पहिलं निदान सर्वांत मागच्या रांगेतून येतं. माणूस जितका लांब बसलेला, तितकं त्याचं निदान पक्कं.

जखमी पैलवानाने कुस्ती सोडावी की लढावी, हा प्रश्न या पट्ट्यात फार लोकशाही पद्धतीने सुटतो. कमिटीच्या अध्यक्षांचं मत असतं की लढावं, कारण इनाम पुकारून झालाय. निवेदकाचं मत असतं की लढावं, कारण ‘मर्द गडी माघार घेत नसतो’ हे वाक्य तो आधीच दोनदा बोलून बसलाय. फ्लेक्सवर ज्यांचे फोटो आहेत त्यांचंही तेच मत असतं. प्रमुख पाहुणे तर अजून पोचलेलेच नसतात. त्यांची गाडी चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरच्या रांगेत अडकलेली असते आणि ते येईपर्यंत मोठी कुस्ती चालू ठेवणं भाग असतं. एका खांद्याचं भवितव्य पुणे-नाशिक रस्त्याच्या वाहतुकीवर अवलंबून असल्याचं उदाहरण वैद्यकशास्त्रात दुसरं सापडणार नाही. राहता राहिला वस्ताद. हात खरोखर चाचपून बघणारा तो एकटाच. पण तालमीचं नाव त्यालाही राखायचं असतं, त्यामुळे तो चाचपतो आणि गप्प बसतो.

ज्याचा खांदा आहे त्याचं मत विचारायची पद्धत नाही.

खांद्याविषयी महाराष्ट्राला आस्था नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरला ‘महाराष्ट्र केसरी’ची स्पर्धा झाली. त्यात आपल्या खेड तालुक्याच्या शिवराज राक्षेचे दोन्ही खांदे टेकले की नाही, यावरून अख्खं राज्य भांडलं. राक्षेने पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड वेळ शिल्लक असतानाच मैदान सोडून गेला आणि गदा पृथ्वीराज मोहोळकडे आली. त्यानंतर कित्येक दिवस चहाच्या टपरीपासून वृत्तवाहिनीपर्यंत चित्रफीत थांबवून, मागे नेऊन, मोठी करून खांदे तपासले जात होते. म्हणजे खांदा मातीला लागला का, हे बघायला आपल्याकडे वेळही आहे आणि तंत्रज्ञानही आहे. तो खोबणीतून निघाला का, एवढंच बघायचं राहून जातं.

याच मातीत दुसरे एक खेळाडू आहेत, त्यांची व्यवस्था मात्र वाखाणण्यासारखी आहे. त्यांना शिंगं असतात. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये बंदी आणली, तेव्हा भोसरी, चिखली, खेड, मावळ हा सगळा पट्टा सुतकात गेला. मग २०१७मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून नियम बनवले, डिसेंबर २०२१मध्ये न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. परवानगी मिळाल्यावर मे २०२२मध्ये चिखलीच्या जाधववाडीत घाट भरला, तर बक्षिसांत जेसीबी, बोलेरो, ट्रॅक्टर आणि दुचाकींची रांग होती. पण खरी मौज नियमांत आहे. शर्यतीआधी पशुवैद्यकाने बैल तपासावा, तो तंदुरुस्त असल्याचा दाखला द्यावा. काठी नाही, चाबूक नाही, टोचणी नाही. धावेची लांबी एक हजार मीटरच्या आत. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

आता त्याच जत्रेत, त्याच दिवशी संध्याकाळी भरणारा कुस्तीचा फड बघावा. लंगोट लावून उतरणाऱ्या पोराकडे कोणी दाखला मागत नाही. टोचणीवर बंदी आहे म्हणावं, तर फडाभोवतीचे चार-पाच हजार लोक सलग दोन तास तेवढंच करत असतात. सकाळी गुडघा दुखतोय म्हणून बैलाला गाड्याला जुंपत नाहीत आणि संध्याकाळी त्याच्याच मालकाचा मुलगा गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून शड्डू ठोकतो. बैलाच्या बाजूने खटला लढवायला प्राणिमित्र होते. पैलवानाच्या बाजूने कोणी न्यायालयात गेलं, तर पहिला विरोध पैलवानच करील, ही त्यातली पंचाईत.

मॅटवरच्या कुस्तीला निदान नियमांचं पुस्तक आहे. जागतिक कुस्ती संघटनेच्या नियमानुसार स्पर्धेचा डॉक्टर लढत थांबवू शकतो. जखमी होऊन बाहेर पडलेल्याच्या प्रतिस्पर्ध्याला चितपट केल्याइतकेच, म्हणजे पाच गुण मिळतात. पण नियम आला की विनोदही आलाच. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ६ ऑगस्ट २०२४ला विनेश फोगट एका दिवसात तीन लढती जिंकून अंतिम फेरीत पोचली. दुसऱ्या सकाळी वजन शंभर ग्रॅमने जास्त भरलं आणि ती बाद झाली, शेवटच्या क्रमांकावर गेली. त्याच नियमावलीत असंही लिहिलंय की पहिल्या दिवशी लढताना दुखापत झाली असेल, तर दुसऱ्या दिवशी वजनाला यायची गरज नाही. मिळवलेला निकाल कायम राहतो. म्हणजे तिचं पदक धडधाकट असल्यामुळे गेलं. आठ वर्षांपूर्वी रिओत तिचा गुडघा निखळला आणि तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं, तेव्हा त्या दुखापतीचा तिला काडीचा उपयोग झाला नाही. ज्या दिवशी दुखापत कामाला आली असती, नेमक्या त्या दिवशी ती ठणठणीत निघाली.

पॅरिसमध्येच निशा दहिया उत्तर कोरियाच्या पाक सोल गुमविरुद्ध ८-१ने पुढे होती. शेवटचं मिनिटभर उरलेलं असताना तिचा हात गेला. ती थांबली नाही, रडत रडत लढली आणि ८-१० अशी हरली. टोकियोत मुष्टियोद्धा सतीश कुमार चेहऱ्यावर तेरा टाके घेऊन जागतिक विजेत्या जलोलोव्हपुढे उभा राहिला आणि ०-५ने हरला. दोघांच्या जिद्दीचं देशभर कौतुक झालं. ते कौतुक मोबाईलवर टाइप करणाऱ्यांपैकी किती जण बोट कापल्यावर कार्यालयात रजा टाकत नाहीत, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. बजरंग पुनियाने मात्र टोकियोत कांस्यपदकाच्या लढतीत दुखऱ्या गुडघ्याची पट्टीच काढून टाकली आणि ८-०ने जिंकला. या एका निकालावर आपल्याकडच्या तालमी पुढची वीस वर्षं शेकडो गुडघे चालवतील.

बॉक्सिंगमध्ये यावर एक साधा उपाय आहे: टॉवेल. १ ऑक्टोबर १९७५ला मनिलात अली आणि फ्रेझरची चौदावी फेरी संपली. फ्रेझरला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, तरी पंधराव्या फेरीला उठायची त्याची तयारी होती. त्याचा प्रशिक्षक एडी फच याने त्याला खाली बसवलं आणि लढत संपवली. फच पुढेही अनेक वर्षं मोठा प्रशिक्षक म्हणून मिरवला. कुणी त्याला भेकड म्हटलं नाही. आपल्याकडेही फडावर टॉवेल मुबलक असतात. फक्त ते टोपीसोबत आणि नारळासोबत पाहुण्यांच्या सत्कारासाठी असतात, त्यामुळे रिंगणात फेकायला एकही उरत नाही.

आणि थांबायचा हक्क पुस्तकात असला, तरी तो मागायला माणूस लागतो. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १९५२ला खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशीशी झुंजून दमलेले होते. दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो नियम पंचांना दाखवायला जागेवर एकही भारतीय अधिकारी नव्हता. खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव्हपुढे उभं केलं गेलं. ते हरले आणि कांस्यपदक घेऊन गोळेश्वरला परतले. १९५६च्या मेलबर्नसाठी ते पुन्हा तयारीला लागले होते, तेव्हा गुडघ्याच्या दुखापतीने वाट अडवली. त्या गुडघ्यासाठी कुणी घोषणा दिल्या नाहीत. पोलीस खात्यात रोजची ड्यूटी होतीच.

पिंपरी-चिंचवडकरांना यातलं सर्वांत अवघड उदाहरण घरच्यासारखं माहीत असायला हवं, कारण ते इथल्या टेल्कोत नोकरीला होतं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात अंगात गोळ्या शिरल्या, एक मणक्याजवळ राहिली आणि कमरेखालचं शरीर साथ देईनासं झालं. ‘लढ भावा’ म्हणणारा घोळका तिथे नव्हता, हे त्यांचं नशीब म्हणायचं. त्यांनी बॉक्सिंग सोडलं. सरळ सोडलं. पाण्यात उतरले आणि १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. पुढे पद्मश्री आली २०१८मध्ये आणि चित्रपट आला २०२४मध्ये. पन्नास मीटरला सदतीस सेकंद पुरले. आपल्या टाळ्या पोचायला शेहेचाळीस वर्षं लागली. आता व्याख्यानांतून त्यांचं नाव ‘कधीही हार मानू नका’ या मथळ्याखाली घेतलं जातं. त्यांनी हातमोजे उतरवून ठेवले होते, हा तपशील वक्त्यांना अडचणीचा वाटतो.

खेड-मावळच्या तालमीतून खांदा किंवा गुडघा घेऊन बाहेर पडलेल्या पोराला सहसा पोहण्याचा तलाव सापडत नाही. त्याला आयटीआय सापडतं किंवा ठेकेदार सापडतो, आणि तो चाकणच्या नाहीतर भोसरीच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये उभा राहतो. तिथेही झुंजच असते. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच घण खाली यावा, म्हणजे हात डायखाली सापडू नयेत. पण एका बटणात काही तरी खोचून ठेवलं की एक हात मोकळा होतो आणि आकडा वाढतो. वाहनांच्या सुट्या भागांच्या धंद्यातल्या अशा अपघातांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९पासून दरवर्षी अहवाल काढते. त्याचं नाव ‘क्रश्ड’, आणि त्यात बोटं घालवण्यात पॉवर प्रेसचा वाटा मोठा आहे. दर ४ मार्चला कारखान्यांच्या फाटकावर सुरक्षेची शपथ घेतली जाते. ती उजवा हात पुढे करून घ्यायची असते, एवढीच काहींची अडचण.

या रिंगणात मात्र नियम अगदी बारकाईने लिहिलेले आहेत. १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने दुसऱ्या परिशिष्टात माणसाचा दरतक्ताच लिहून ठेवला. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली. पूर्ण तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका ७, करंगळीही ७. हाड न जाता तर्जनीचं नुसतं टोक गेलं तर ५. दोन बोटं एकदम गेली तर २०. उपचार चालू असताना पगाराच्या ९० टक्के भत्ता. तक्ता कोरडा आहे, पण त्यात एक सभ्यपणा आहे: बोट गेलं, हे तो मान्य तरी करतो. ‘चमक भरलीय’ असा रकाना त्यात नाही.

फडात उतरणारा पैलवान कुणाचाच कामगार नसल्यामुळे त्याला हा तक्ता लागू होत नाही. त्याचा हिशेब कमिटीच्या मांडवात होतो. चितपट केली तर पूर्ण इनाम, बरोबरीत सुटली तर दोघांत वाटून. हात लोंबकळत उठला तर किती द्यायचे, यावर थोडी चर्चा होते, खजिनदार वहीत बघतो आणि पोराला उद्या सकाळी यायला सांगतो.